शेऱ्याचा रकाना

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला सप्रेसाहेबांनी रोशनी कुंभरेच्या तळहातावर पेढा ठेवला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिने चार लाख भुतं गाडली. एका रविवारात."

भुतं म्हणजे दुहेरी नोंदी. देशभरातल्या पावणेदोनशे दवाखान्यांचे जुने डेटाबेस एका नव्या राष्ट्रीय नोंदवहीत ओतायचं काम नागपूरच्या या कंपनीकडे होतं. जुना डेटाबेस म्हणजे लग्नघरातली कोठीची खोली. काय कुठे ठेवलंय ते ठेवणाऱ्यालाच ठाऊक. एकच रुग्ण तीनदा लिहिलेला, कुणाचं वय दोनशे सात, कुणाच्या पत्त्याच्या जागी नुसतंच 'मारुतीमागे'. रोशनीने त्यावर नियम लिहिला होता. नाव, आडनाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर या चारही गोष्टी तंतोतंत जुळल्या, तर ती दोन माणसं नव्हेत, एकच माणूस. शेवटची नोंद ठेवायची, बाकीच्या पुसायच्या. नियम इतका साधा होता की तपासणाऱ्या तिघांपैकी एकालाही त्यात खोट काढता आली नाही. शहाण्यांनी मिळून केलेली चूक अशीच असते, ती कुणालाच दिसत नाही.

पेढा तोंडात असतानाच मायचा फोन आला.

"रोशनी, तुह्या बाबाले काहीतरी झालं वं. चहा घेत होते, तं गिलास हातातच रायला. हात वर अन् माणूस गच्च. नुसते डोये हालून रायले."

"कधीपासून?"

"सहा वाजून गेले होते. अन् एकटे बाबाच नाई. टोल्यावरचे निम्म्याहून जास्त. डफडेवाला सुकराम तं बसल्या जागीच आखडला. मंगरूले झटका आला, तोंडातून फेस. डॉक्टरीणबाईची गाडी येऊन रायली."

सकाळचे सहा. नवी नोंदवही आजपासून रोज सकाळी सहालाच जागी होणार होती. रोशनीने पडद्यावर गावाचं नाव टाकलं. डोंगरटोला: जुन्या नोंदी एकतीस, नव्या नोंदी नऊ. पुढे हिरवी खूण. त्या नऊ नावांत 'सुकराम कुंभरे' हे नाव एकदाच होतं. तिच्या बापाचं नाव सुकराम. आणि टोल्यावर सुकराम कुंभरे पाच होते.

इथे थोडं थांबून टोल्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर एकतीस माणसांची नऊ कशी झाली ते कळायचं नाही.

डोंगरटोला हे भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मॅंगनीजच्या एका खासगी खाणीला चिकटून वाढलेलं गाव. खाण बंद पडून जमाना झाला, पण तिची धूळ माणसांत राहिली. वीस-वीस वर्षं ही धूळ श्वासातून जात राहिली की ती मेंदूच्या तळाशी, हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या गाठींत जाऊन बसते. मग हात कापू लागतात, माणूस कोंबड्यासारखा चवड्यांवर चालू लागतो, आणि शेवटी चेहरा लाकडाचा होतो. बाप हसतोय की रडतोय हे पोरांना कळेनासं होतं.

यावर सतरा वर्षांपूर्वी स्पंदक निघाला. हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक चिप आणि तिच्यापासून मेंदूत उतरलेल्या केसांसारख्या तारा. ही चिप मेंदूतला बिघडलेला ताल ऐकते आणि त्याच्या बरोबर उलटा ताल देते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि हात थांबतो. पण प्रत्येकाचा बिघाड त्याचा त्याचा, म्हणून उताराही त्याचा त्याचाच. कधी, किती जोराने, किती वेळ, असे चौसष्ट आकडे. त्याला दवाखान्यात 'जुळणी' म्हणत. एका माणसाची जुळणी बसवायला सहा-सात महिने लागत. आणि एकाची जुळणी दुसऱ्याला लावली, तर आग विझवायला गेलेलं पाणी रॉकेल निघावं तसं होई. माणूस गच्च होई किंवा झटका येई, आणि झटका लांबला तर त्या माणसाच्या आठवणींचं काय होईल ते सांगता येत नसे.

कालपर्यंत ही जुळणी चिपमध्येच राहायची. तंत्रज्ञ वर्षातून दोनदा डोक्याजवळ यंत्र धरून हाताने ती भरायचा. आता ती नोंदवहीतून रोज सकाळी आपोआप येणार होती, म्हणजे दिल्लीतला डॉक्टरही टोल्यावरच्या माणसाचा हात थांबवू शकणार होता. चिप आपल्या माणसाचं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल सांगणार, आणि नोंदवही चिपमधले जुने आकडे पुसून तिला तिचे चौसष्ट आकडे देणार. सोमवार हा त्याचा पहिला दिवस होता.

आता टोल्याचा रिवाज असा की शुक्रवारी जन्मला तो सुकराम, मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधराम. गाव सगळं कुंभऱ्यांचं. जन्मतारखेचं म्हणाल तर २००३ साली खाणीत भरती झाली, तेव्हा मुकादमाने पोरांना रांगेत उभं केलं आणि सगळ्यांच्या नावापुढे एकच तारीख टाकली, एक जून एकोणीसशे पंच्याऐंशी. शाळामास्तरांपासून मुकादमांपर्यंत सगळ्यांची ही लाडकी तारीख. अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे. आणि मोबाइल नंबरचा रकाना भरल्याशिवाय स्पंदकाचा फॉर्म पुढे सरकत नव्हता, तर टोल्यावर तेव्हा रेंज यायची ती फक्त आशासेविका कौसल्याबाईंच्या फोनला. एकतीसही फॉर्मांवर त्यांचाच नंबर.

दिल्ली-मुंबईच्या इंजिनिअरला हे ठाऊक नसतं तर एक वेळ चाललं असतं. रोशनी त्याच टोल्यावर वाढली होती. मुकादमाची गोष्ट तिने बापाच्या तोंडून पन्नास वेळा ऐकली होती. पण सतरा वर्षं नागपुरात राहून तिने टोला अंगावरून झटकला होता, आणि नियम लिहिताना त्याची आठवणसुद्धा आली नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

तालुक्याच्या धर्मादाय दवाखान्यात ती दुपारी एकला पोचली. व्हरांड्यात आणि वॉर्डात मिळून बावीस माणसं ओळीने निजवलेली होती, कुणाचा हात वर, कुणाची मान वाकडी. उरलेले नऊ धडधाकट होते. त्यांच्याच नोंदी शेवटच्या होत्या म्हणून त्या टिकल्या होत्या. ते नऊ जण आपल्या भावाबंदांना पाणी पाजत हिंडत होते आणि आपण कसे वाचलो हे त्यांना कळत नव्हतं.

तिचे बाबा खिडकीजवळच्या खाटेवर होते. पेल्याला धरलेली बोटं तशीच वळलेली होती, फक्त पेला काढून घेतला होता.

"दोघांना झटके आले तेव्हा मी लोहचुंबक धरून या बावीसही जणांच्या चिप बंद केल्या," डॉ. ईशा खोब्रागडे म्हणाल्या. चाळिशीची बाई, सकाळपासून पाण्याचा घोट नाही हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. "झटके थांबले, पण इतक्या वर्षांचा आधार अचानक गेला. आता स्नायू आखडत जाणार, ताप चढणार. आखडलेला स्नायू आतून फुटतो आणि त्याचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. औषधांवर मी यांना बुधवार सकाळपर्यंत खेचते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

"मला फक्त जुन्या जुळण्या परत आणायच्यात," रोशनी म्हणाली.

"मग आणा ना."

तिने सप्रेसाहेबांना फोन लावला. जुना डेटाबेस तपासणी होताच पुसून टाकला होता. करारातच तसं कलम होतं. त्याची एक कच्ची फाइल मात्र शिल्लक होती, दवाखान्याच्या सतराशे साठ कटकटींसकट, जशी आली तशी.

"पाठवतो," साहेब म्हणाले. "आणि रोशनी, तिथे कुणाशी काही बोलू नकोस. मूळच्या नोंदीच सदोष होत्या, एवढंच म्हणायचं. खोटं नाहीच आहे ते."

सकाळी पेढा देणारा हाच आवाज होता. रोशनीने फोन ठेवला.

फाइल उघडली तेव्हा तिला हायसं वाटलं. एका रुग्णाची एक ओळ, प्रत्येक ओळ बरोबर पाचशे बारा अक्षरांची, रकाने मोजून आखलेले. चौसष्ट आकडे जागच्या जागी होते. एकतीस ओळी, एकतीस जुळण्या. सुकराम कुंभरे पाच, एकाखाली एक.

पण यांतली कोणती ओळ कोणत्या सुकरामची? नाव तेच, तारीख तीच, फोन कौसल्याबाईंचा. चिपचा क्रमांक जुन्या पद्धतीत लिहितच नसत. कागदी कार्डं होती, ती कधीच वाळवीने खाल्ली होती. एकतीस किल्ल्या हाती आल्या, आणि कुठली कोणत्या कुलपाची ते सांगणारं कुणी नव्हतं. वॉर्डात कुणीतरी कण्हलं. तिने मान वर करून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथून उठता आलं नसतं.

ओळीच्या शेवटी ऐंशी अक्षरांचा एक रकाना होता. शेरा. त्यात काहीतरी भरलेलं होतं, पण काय ते देव जाणे. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, उलटसुलट टिंबं, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. त्या रकान्याबद्दल तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी कामाच्या कागदपत्रांत टीप लिहिली होती: 'मोकळा मजकूर. वाचता येत नाही. नव्या नोंदवहीत जागा नाही. वगळावा.' खाली आद्याक्षरं होती, रो. कुं.

ती टीप लिहायला तिला अर्धं मिनिट लागलं असेल.

तो कचरा नव्हता हे आता तिच्या लक्षात आलं. फार पूर्वी, जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एक समान संकेत सगळीकडे रुळण्याआधी, संगणकाला मराठी येतच नव्हतं. तो आपला इंग्रजी खुणा साठवायचा, आणि एखादा फॉन्ट त्या खुणांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं काढून दाखवायचा. फॉन्ट असेपर्यंत मराठी. फॉन्ट गेला की मागे भूसा. दवाखान्यातला जुना संगणक शेवटपर्यंत याच पद्धतीने चालला होता, आणि प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा. हा कोणता, ते फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिने सापडतील तेवढे तक्ते लावून पाहिले. एकाही तक्त्याने धड शब्द निघाला नाही. मंगरूचा ताप एकशे चारवर गेला होता.

"हे कुणी भरलं होतं?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"रामटेके म्हणून तंत्रज्ञ होते. मी येण्याआधीचे. नोकरी सोडली त्यांनी, आता बाजारात छापखाना चालवतात."

देवानंद रामटेके मंगळवारी सकाळी दुकान उघडत होते तेव्हा रोशनी पायरीवर बसलेली होती. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, बारशाची कार्डं. एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली एक बाबा आदमच्या जमान्यातला संगणक होता.

"लोकाले पत्रिकेवर हेच अक्षर लागते," म्हातारबुवा म्हणाले. "नव्या मशिनीतलं अक्षर म्हणे सरकारी नोटिशीवानी दिसते. म्हणून मी दवाखान्यातूनच हा फॉन्ट घरी आणला होता. सांगजो नको कोणाले."

त्यांनी पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, आणि फॉन्टच्या यादीतून एक नाव निवडलं. भुशातून माणसं उठून बसली.

'डफडेवाला.' 'लंबा.' 'कोंबडीचोर, पण आता सोडलं.' 'बुधीबाईचा नातू, डावखुरा.' 'पाटलाशी भांडण झालेला.' 'ज्याची म्हैस विहिरीत पडली.'

रोशनीचा हात तोंडाशी गेला. टोल्यावर पाच सुकराम, सहा मंगरू. कुणाला नुसत्या नावाने हाक मारली तर चार जण ओ देणार. म्हणून प्रत्येकाला गावाने एक एक जोडनाव दिलेलं होतं, आणि ते सरकारी कागदावर चालत नाही म्हणून रामटेक्यांनी शेऱ्यात लिहून ठेवलं होतं.

"नावात काय ठेवलं होतं बाई," ते म्हणाले. "जुळणी भराची तं माणूस कोणता ते मले समजाले पाह्यजे ना. साहेब रागवत. म्हणत, शेऱ्यात असल्या टवाळ्या लिहू नका."

ती फोनवर एकेक ओळ वाचत गेली, डॉक्टर तिकडून टोल्यावरच्या बायकांना विचारत गेल्या. म्हैस कोणाची पडली? याची. डावखुरा कोण? हा. नऊ तर आधीच ठीक होते. बावीसपैकी एक, दोन, दहा, अठरा. वीस.

मग ती थांबली. सुकराम कुंभरे, चौदावी ओळ. सुकराम कुंभरे, सत्ताविसावी ओळ. दोन्हींचा शेरा कोरा होता.

रामटेक्यांनी चष्मा पुसला. "एक तो घरजावई. खाणीत यांच्यासंगंच भरती झाला, पण रायचा पल्याडच्या गावात, तिथलाही कुंभरेच. सावत्र भावाच्या लग्नात इथं आला अन् इथंच रायला. चिप बसवाच्या शिबिराच्या वेळी टोल्यावर नवाच होता, गावानं त्याले अजून नाव देल्लं नव्हतं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अन् दुसरा तुहा बाप."

"बाबांचा का कोरा?"

"तू विसरली असशीन. मी नाई विसरलो. सतरा वर्साची होतीस, होस्टेलातून आली होतीस, फॉर्म तूच भरून देल्ला झकास अक्षरात. मी म्हटलं, शेऱ्यात 'पोरीवाला' लिवू ना? तं तू असं पाह्यलं माह्याकडं. म्हणाली, काही लिहायचं नाही. कोरा ठेवा."

पोरीवाला सुकराम. टोल्यावर बाकीच्यांना चार-चार, पाच-पाच पोरं, याला एक पोरगी. तिला सायकलच्या दांड्यावर बसवून हा माणूस खाणीतली पाळी संपली की सात किलोमीटरवरच्या शाळेत सोडायचा आणि आणायचा, आठ वर्षं, पायात पेटके येऊ लागले तरी. पोरं मागे ओरडत पळायची, पोरीवाला आला, पोरीवाला आला. तो हसायचा. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. होस्टेलात गेल्यावर तिने ते नाव कुणाला सांगितलं नाही, आणि त्या दिवशी कागदावरही येऊ दिलं नाही.

दुपारी दोनपर्यंत वीस माणसं उठून बसली होती. कुणी पाणी मागितलं, कुणी तंबाखू. मंगरूने बायकोला शिव्या घातल्या तेव्हा ती आनंदाने रडली. दोनच खाटा राहिल्या, खिडकीजवळची आणि तिच्या समोरची.

समोरच्या खाटेवरच्या सुकरामची बायको फुलवंता त्याच्या पायाशी बसून होती. रोशनी तिच्यापुढे जमिनीवर बसली, आणि साहेबांनी सांगू नको म्हणून सांगितलेलं सगळं तिने सांगितलं. नियम माझा होता. शेरा मी काढून टाकला. बाबांचा शेरा कोरा ठेवणारीही मीच.

व्हरांड्यातल्या बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कुणी ओरडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. फुलवंता एवढंच म्हणाली, "तू तं आपलीच पोरगी होती वं."

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "दोन जुळण्या, दोन माणसं. दोघांना एकदम लावल्या तर दोघंही वाचतील, नाहीतर दोघांनाही झटका. एकालाच लावून पाहिली तर धोका एकालाच. बरोबर निघाली तर प्रश्नच मिटला. चुकली तर दुसरी त्याची हे तरी कळेल."

"थोड्या जोरावर लावून पाहता येणार नाही?"

"थोड्या जोरावर काहीच कळत नाही. पूर्ण जोर लावावा लागतो आणि अर्धा मिनिट थांबावं लागतं. चुकली तर चिप मी लगेच बंद करीन, पण पेटलेला झटका चिप बंद केल्याने थांबेलच असं नाही. या तापात तो लांबला तर..." त्यांनी दोन्ही खाटांकडे पाहिलं. "आधी कोणावर, ते मी ठरवणार नाही. दोन्ही घरांनी ठरवा."

"माह्या माणसावर पयले नको," फुलवंता पटकन म्हणाली, आणि मग मान खाली घालून म्हणाली, "मले वाईट म्हणजो नको."

"बाबांवर," रोशनी म्हणाली.

मायने पदर तोंडाला लावला. "तुह्या बाबाले तं इचार."

ती खाटेपाशी गेली. बापाचा चेहरा हलत नव्हता, कपाळ तव्यासारखं तापलं होतं. तिने सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी टोल्याच्या बोलीत, जी तिच्या जिभेवर आता अडखळत होती. "होय असंल तं डोये मिटा बाबा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग हळूहळू डोळे मिटले. ते होय होतं की तापाची ग्लानी होती, हे तिला आजही सांगता येत नाही. तिने होय धरलं.

चौदावी की सत्ताविसावी? चौसष्ट आकडे इकडे, चौसष्ट तिकडे. दोन्हींकडे ती तासभर पाहत राहिली, आणि त्यांत तिला बाप दिसेना. प्रत्येक गोष्टीला कारण मागणारी ही बाई, तिने शेवटी चौदावी निवडली. कारण विचाराल तर बाबांनी तिला चौदा वर्षांची होईपर्यंत सायकलवर नेलं होतं.

डॉक्टरांनी कळ दाबली. दहा सेकंद काही झालं नाही. वळलेली बोटं किंचित सैल झाल्यासारखी वाटली, मायने देवाचं नाव घेतलं. मग त्याची मान मागे गेली आणि खाट भिंतीवर आपटू लागली.

चुंबक डोक्याशी होताच. चिप बंद झाली. झटका थांबला नाही. एक इंजेक्शन, दुसरं इंजेक्शन. रोशनीने बापाचे पाय धरून ठेवले होते, आणि त्या पायांत एवढा जोर होता की सायकल मारणारे हेच का ते पाय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. अकरा मिनिटं लागली.

"चौदावी समोरच्यांची," डॉक्टर धापा टाकत म्हणाल्या आणि समोरच्या खाटेकडे वळल्या. "सत्ताविसावी तुमच्या बाबांची."

घरजावई अर्ध्या तासात उठून बसला. त्याने इकडेतिकडे पाहून विचारलं, "सकायचा चहा झाला का?" फुलवंता हसली, मग तिने खिडकीकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

बुधवारी सकाळी रोशनीचे बाबा जागे झाले. ताप उतरला होता. त्यांनी हात वर केला, उलटापालटा करून पाहिला. हात झाडाच्या फांदीसारखा स्थिर होता. मायने चहाचा पेला दिला तो त्यांनी आपल्या हाताने धरला, एक थेंब सांडला नाही. चेहरा हलत होता. सत्ताविसावी जुळणी तंतोतंत बसली होती.

"बाबा," रोशनी म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीने. "बसा ना बाई. तुमी कोनाच्या?"

माय पटकन उठून व्हरांड्यात गेली. तिला त्यांनी ओळखलं होतं. खाण आठवत होती, मुकादम आठवत होता. पुढची बरीच वर्षं गेली होती.

"येईल परत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "दिवस लागतील, महिने लागतील. कदाचित येईल." दोन वाक्यांत त्यांचा शब्द बदलला हे दोघींनाही कळलं.

रोशनीने लॅपटॉप मांडीवर घेतला. एकतीस नोंदी नव्याने भरायच्या होत्या. सकाळीच तिने कुणालाही न विचारता नव्या नोंदवहीत ऐंशी अक्षरांचा एक रकाना वाढवला होता. सप्रेसाहेबांचे सहा फोन येऊन गेले, तिने एकही घेतला नव्हता. एकोणतीस शेरे रामटेक्यांच्या शब्दांत जसेच्या तसे उतरवून झाले. कोंबडीचोर, पण आता सोडलं. ज्याची म्हैस विहिरीत पडली.

"यांचं काय लिहू?" तिने फुलवंताला विचारलं.

फुलवंताने नवऱ्याकडे पाहिलं. तो दुसऱ्यांदा चहा मागत होता. "लिव, फुलवंताचा," ती म्हणाली.

मग शेवटची नोंद. सुकराम कुंभरे, एक जून एकोणीसशे पंच्याऐंशी. शेऱ्यात तिने टाइप केलं: पोरीवाला.

पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. वरील माहिती खरी असल्याची खात्री करता का? होय. नाही. हा प्रश्नही तिनेच लिहिलेला होता.

ती तशीच बसून राहिली. खाटेवर बाबांनी पेल्यातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी तिच्यापुढे धरली.

"घ्या ना बाई," ते म्हणाले. "कवाच्या बसल्या तुमी. लहान वाटते तुमचं वय. घरी बाप वाट पाहत असंल."

तिने 'होय' दाबलं, आणि दोन्ही हातांनी बशी घेतली.